आकार आठवणारे प्लास्टिक

शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत कढत पाणी ओतू नये, हा धडा बहुतेक घरांत एकदा तरी अनुभवाने मिळालेला असतो. पाणी आत पडताच बाटलीचे अंग आक्रसू लागते, ती आखूड व वेडीवाकडी होते आणि पाणी ओतून टाकले तरी पूर्ववत होत नाही. उष्णतेने प्लास्टिक वितळले, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते; परंतु ते बरोबर नाही. ही बाटली ज्या पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची केलेली असते ते सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. शिवाय वितळणारा पदार्थ ओघळतो व पसरतो; तो आपण होऊन आक्रसत नाही.

बाटलीच्या या वर्तनाचे कारण तिच्या पूर्वेतिहासात सापडते. कारखान्यात प्रथम एक जाड भिंतीची, प्रयोगशाळेतील परीक्षानळीसारखी दिसणारी आखूड नळी तयार करतात. ती सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून बाटलीच्या आकाराच्या साच्यात ठेवतात, आतून दांडा सारून तिला लांबीत ताणतात आणि जोराची हवा सोडून रुंदीत फुगवितात. फुगलेले प्लास्टिक साच्याच्या थंड भिंतीला टेकले की घट्ट होते. म्हणजे बाटली ही ताणलेल्या स्थितीत गोठविलेली नळीच होय. कढत पाण्याने हे गोठणे सुटते आणि बाटली आपल्या पहिल्या आकाराकडे परत निघते. ताणले जात असताना प्लास्टिकमध्ये बारीक स्फटिक तयार झालेले असतात. ते वाटेत आडवे येतात, म्हणून ती मूळ आकारापर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

बाटलीच्या बाबतीत हा दोष ठरतो. पण हाच गुण हेतुपूर्वक वस्तूत घातला, तर थंड असताना एक आकार धारण करणारी आणि ऊब मिळताच ठरवून दिलेला दुसरा आकार घेणारी वस्तू निर्माण करता येते. या गुणधर्मास आकारस्मृती असे म्हणतात. अलीकडील काळात थरावर थर रचून वस्तू घडविण्याची, म्हणजेच त्रिमित मुद्रणाची पद्धत प्रचारात आल्यापासून या विषयास नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. या पद्धतीने केलेल्या प्लास्टिकच्या वस्तूत, घडविणाऱ्याची इच्छा असो वा नसो, काही ना काही स्मृती शिल्लक राहतेच. ती ओळखणे व तिला वळण लावणे, हा आजच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय आहे.

रबराचा धडा

या गुणधर्माचे मूळ समजण्यासाठी आधी रबराकडे वळणे सोयीचे आहे. रबराची एखादी रुंद पट्टी चटकन ताणून ओठांना लावली तर ती किंचित उबदार लागते. काही वेळ ताणलेलीच धरून मग सैल सोडली आणि पुन्हा ओठांना लावली, तर गार लागते. इंग्लंडमधील केंडल येथे राहणारे जॉन गॉफ यांनी हे निरीक्षण १८०५ साली प्रसिद्ध केले. गॉफ हे अंध होते. ओठांचा स्पर्श हेच त्यांचे तापमापक. त्यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. वजन टांगून ताणलेली धातूची तार तापविली तर ती लांबते. पण तशाच रीतीने ताणलेले रबर तापविले तर ते आखडते व टांगलेले वजन वर उचलते. पुढे १८५९ मध्ये जेम्स जूल यांनी काळजीपूर्वक मोजमापे करून गॉफ यांच्या निरीक्षणांस पुष्टी दिली.

निरीक्षण पक्के झाले, तरी त्याचे कारण उमगण्यास बराच काळ जावा लागला. रबर, प्लास्टिक, रेशीम यांसारखे पदार्थ अतिशय लांब रेणूंचे बनलेले असतात, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. प्रारंभी तिला पुष्कळ विरोध झाला. पुढे ती सर्वमान्य झाली आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच प्रकारचे लहान घटक हजारोंच्या संख्येने एकापुढे एक जोडले जाऊन हे रेणू बनतात. अशा पदार्थांना बहुवारिके म्हणतात.

एक हजार कड्यांची साखळी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक कडी शेजारच्या कडीभोवती मनास येईल तिकडे वळू शकते. साखळी पूर्ण सरळ ताणली तर तिची लांबी एक हजार कड्यांइतकी भरेल. पण ती तशीच मोकळी सोडली आणि कड्यांना सतत धक्के बसत राहिले, तर तिच्या दोन टोकांतील अंतर सरासरीने किती राहील? गणित सांगते की ते एक हजाराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे केवळ ३२ कड्यांच्या आसपास राहील. याचे कारण सरळ आहे. साखळी सरळ असण्याची रीत एकच; ती गुंतलेली असण्याच्या रीती मात्र अगणित. उष्णता म्हणजे रेणूंना सतत बसणारे धक्केच होत. ताणलेल्या साखळीला हे धक्के बसले की ती अगणित रीतींपैकी कोणत्यातरी एका रीतीने गुंडाळली जाते, म्हणजेच आखूड होते. तापमान जितके अधिक, तितकी ही ओढ अधिक. गॉफ यांचे वजन वर उचलले गेले ते या ओढीने. प्लास्टिकच्या स्मृतीमागील बलही हेच होय.

गाठी आणि कुलूप

परंतु केवळ ओढ असणे म्हणजे स्मृती नव्हे. गुंता होण्याच्या असंख्य रीतींपैकी पूर्वीचीच एक रीत साखळ्यांनी का निवडावी? त्यासाठी पदार्थात दोन गोष्टी असाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे गाठी. शेजारशेजारच्या साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असल्या, तर संपूर्ण पदार्थ एका अखंड जाळ्यासारखा होतो. मासेमारीचे जाळे कसेही ओढले तरी कोणती गाठ कोणत्या गाठीच्या शेजारी आहे हे बदलत नाही. त्याचप्रमाणे पदार्थ ताणला तरी गाठींचा परस्परसंबंध टिकून राहतो. ताण सुटल्यावर प्रत्येक साखळी आपापल्या दोन गाठींमध्ये आखडते आणि सारे जाळे मूळ आकारास येते. म्हणून कायमचा आकार गाठींत साठविलेला असतो असे म्हणता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. रबर सोडताक्षणी आखडते, कारण त्याच्या साखळ्या नेहमीच्या तापमानास मोकळेपणाने हलू शकतात. काही प्लास्टिकांमध्ये मात्र विशिष्ट तापमानाच्या खाली साखळ्यांची हालचाल जवळजवळ थांबते आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. या तापमानास काच-संक्रमण तापमान म्हणतात. मक्यासारख्या पिकांतील पिष्टापासून मिळविता येणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे काच-संक्रमण तापमान ६० अंशांच्या आसपास असते. अन्य काही पदार्थांत कुलपाचे काम बारीक स्फटिक करतात. ते वितळले की कुलूप उघडते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या मऊ प्लास्टिकचे स्फटिकही ६० अंशांच्या सुमारास वितळतात.

गाठी व कुलूप या दोहोंची सोय असलेला पदार्थ घेऊन स्मृती घालण्याची क्रिया पुढीलप्रमाणे होते. वस्तू प्रथम संक्रमण तापमानाच्या वर तापवितात. मग ती ताणून, वाकवून किंवा दाबून हव्या त्या तात्पुरत्या आकारात आणतात. तशीच धरून थंड करतात आणि शेवटी हात काढून घेतात. कुलूप लागलेले असल्याने ती त्याच आकारात राहते. पुन्हा तापविल्यावर कुलूप उघडते, साखळ्या आखडतात आणि वस्तू मूळ आकारास येते.

ही क्रिया कितपत यशस्वी झाली हे दोन आकड्यांनी सांगतात. १० सेंटिमीटर लांबीची पट्टी तापवून २० सेंटिमीटरपर्यंत ताणली व थंड करून सोडली असता १९.६ सेंटिमीटर राहिली, असे समजावे. दिलेल्या १० सेंटिमीटर ताणापैकी ९.६ टिकला, म्हणून तिची आकार धरून ठेवण्याची क्षमता ९६ टक्के. पुन्हा तापविल्यावर ती १०.४ सेंटिमीटर झाली, तर टिकलेल्या ९.६ पैकी ९.२ सेंटिमीटर ताण परत गेला. म्हणून आकार परत मिळविण्याची क्षमताही सुमारे ९६ टक्के. पहिला आकडा कुलपाची परीक्षा घेतो, दुसरा गाठींची.

व्यवहारात या तत्त्वाचा उपयोग त्रिमित मुद्रणाच्या बराच आधी सुरू झाला. इंग्लंडमधील हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत पॉलिएथिलीनवर अणुभट्टीतील प्रारणांचा मारा करून त्याच्या साखळ्यांत गाठी पाडल्या. असे पॉलिएथिलीन तापवून ताणले व थंड केले, तर पुन्हा तापविल्यावर ते आखडते. तारांच्या जोडावर सरकवून गरम हवेने घट्ट बसविण्याची जी नळी आज विजेची कामे करणाऱ्यांच्या पेटीत असते, ती याच तत्त्वावर चालते.

लवचीक प्लास्टिकची घडण

लवचीक प्लास्टिकांमध्ये या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. बुटांचे तळवे, भ्रमणध्वनीची मऊ आवरणे, लवचीक नळ्या अशा अनेक वस्तू त्याच्या होतात. त्याची प्रत्येक साखळी दोन प्रकारच्या तुकड्यांनी आळीपाळीने बनलेली असते. कठीण तुकडे एकमेकांकडे ओढले जाऊन त्यांचे लहान लहान पुंजके होतात. हे पुंजके गाठींचे काम करतात. मऊ तुकडे त्या पुंजक्यांना जोडणाऱ्या मोकळ्या दोरांप्रमाणे असतात व पदार्थास लवचीकपणा देतात. या गाठी रासायनिक बंधांनी कायमच्या बांधलेल्या नसल्यामुळे पुरेशा उष्णतेने सुटतात. म्हणूनच हे प्लास्टिक वितळवून पुन्हा घडविता येते.

नेहमीच्या पॉलियुरेथेनमध्ये मऊ तुकड्यांचे काच-संक्रमण तापमान शून्य अंशाच्याही खाली असते. त्यामुळे कुलूप नित्य उघडेच राहते आणि वस्तू रबराप्रमाणे ताबडतोब पूर्ववत होते. तिच्यात आकारस्मृती आणावयाची तर कुलूप अधिक तापमानास उघडेल अशी योजना करावी लागते. मऊ तुकड्यांची रासायनिक रचना बदलणे हा एक मार्ग. जपानमधील मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज या कंपनीतील शुनिची हायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या मार्गाने आकारस्मृती असलेली पॉलियुरेथेने तयार केली. दुसरा मार्ग मिश्रणाचा आहे. लवचीक पॉलियुरेथेनमध्ये पॉलिलॅक्टिक आम्ल मिसळले, तर पहिला पदार्थ परत येण्याची ओढ पुरवितो आणि दुसरा ६० अंशांच्या आसपास उघडणारे कुलूप पुरवितो. दोहोंचे प्रमाण बदलून वस्तू कमीअधिक लवचीक करता येते.

आकारस्मृती धातूंमध्येही आढळते. निकेल व टायटॅनियम यांच्या नितिनॉल या मिश्रधातूतील हा गुण अमेरिकेच्या नौदलाच्या एका प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास लक्षात आला. धातू व प्लास्टिक यांची तुलना बोधप्रद आहे. नितिनॉल आपल्या लांबीच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंतचा ताण परत करू शकतो, तर प्लास्टिक १०० टक्क्यांहून अधिक. उलट, परत येताना धातू दर चौरस मिलिमीटरमागे काही शेकडो न्यूटन बल लावू शकतो. प्लास्टिकचे बल सामान्यतः काही थोड्या न्यूटनांवरच थांबते. म्हणून जड वस्तू उचलण्याचे काम प्लास्टिककडे सोपविता येत नाही. पुष्कळ हालचाल व मृदू स्पर्श जेथे हवा, तेथे ते उपयोगी पडते.

थरावर थर

त्रिमित मुद्रणाचा आरंभ १९८० च्या दशकात झाला. जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थराथराने वस्तू घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी अशाच पद्धतीच्या एकस्वासाठी १९८४ मध्ये अर्ज केला व १९८६ मध्ये ते त्यांना मिळाले. वितळलेल्या प्लास्टिकचा धागा ओतून वस्तू घडविण्याची पद्धत स्कॉट क्रम्प यांची. त्यांचा अर्ज १९८९ चा. या एकस्वाची मुदत २००९ मध्ये संपली आणि त्यानंतर स्वस्त यंत्रे शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. भारतातही २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत अशी यंत्रे आली आहेत.

क्रम्प यांच्या पद्धतीत १.७५ मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा धागा यंत्रात ओढला जातो, सुमारे २०० अंशांपर्यंत तापविला जातो आणि बहुधा ०.४ मिलिमीटर छिद्राच्या तोटीतून बाहेर पडतो. हलवाई कढईवर हात फिरवून जिलबी घालतो, त्याप्रमाणे तोटी फिरत जाते व आखलेल्या रेषेवर प्लास्टिकची वळी मांडते. एक थर पुरा झाला की त्यावर दुसरा थर.

या हालचालीतच स्मृतीचे बीज आहे. धाग्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २.४ चौरस मिलिमीटर असते. मांडलेली वळी ०.४ मिलिमीटर रुंद व ०.२ मिलिमीटर उंच धरली, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ अवघे ०.०८ चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे १ मिलिमीटर धाग्यातून ३० मिलिमीटर लांबीची वळी निघते. अरुंद छिद्रातून जाताना व पुढे धावत्या तोटीमागे ओढले जाताना लांब साखळ्या वळीच्या दिशेने ताणल्या जातात. प्लास्टिक गरम असेपर्यंत त्या पुन्हा गुंडाळल्या जाण्याची धडपड करतात. पण बारीक वळी त्वरित थंड होते. साखळ्या मोकळ्या होण्यास लागणारा वेळ आणि प्लास्टिक गोठण्यास लागणारा वेळ यांची ही शर्यत असते. ज्या साखळ्या वेळेत मोकळ्या होत नाहीत, त्या ताणलेल्या स्थितीतच गोठून राहतात.

यावरून असे दिसून येईल की, मुद्रित पट्टीला वेगळी स्मृती देण्याची नेहमीच गरज नसते. मुद्रण करतानाच तोटी ती लिहीत असते. तोटी वेगाने फिरविली, प्लास्टिक कमी तापविले किंवा थर पातळ केले, तर अधिक ताण गोठून राहतो. सावकाश, अधिक गरम व जाड थरांनी केलेल्या पट्टीत तो कमी राहतो. अशी पट्टी कढत पाण्यात टाकली की ती वळ्यांच्या दिशेने आखडते आणि त्याच वेळी आडव्या दिशेने फुगते.

कांचनाची शेंग

केवळ आखडणारी पट्टी फारशी उपयोगाची नाही. तिला वाकता, वळता व मिटता आले पाहिजे. ही युक्ती वनस्पतींना फार पूर्वीपासून साधलेली आहे. कांचनाची शेंग झाडावर वाळली की तडकते आणि तिच्या दोन्ही फाका पीळ घालून बिया दूर उडवितात. या शेंगेचा अभ्यास इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. फाकेच्या सालीत तंतूंचे दोन थर असतात. दोन्ही थरांतील तंतू शेंगेच्या लांबीशी तिरकस, पण परस्परांशी काटकोनात असतात. वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंना आडव्या दिशेने आखडतो. एक थर एकीकडे व दुसरा दुसरीकडे ओढू लागला की सपाट फाकेला पीळ पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मुद्रणयंत्रावर हेच साधता येते. पट्टीचे खालचे थर लांबीच्या दिशेने आणि वरचे थर रुंदीच्या दिशेने मुद्रित केले, तर कढत पाण्यात खालचा भाग लांबीत आखडतो, वरचा आखडत नाही. परिणामी पट्टी खालच्या बाजूकडे कमानीसारखी वाकते. थरांतील वळ्या तिरक्या मांडल्या तर पट्टीला पीळ पडतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात २०१७ मध्ये साध्या, छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर अशा सपाट आकृती मुद्रित करून गरम पाण्यात त्यांना निरनिराळे आकार घेण्यास लावण्यात आले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१८ मध्ये तशाच यंत्रावर सपाट मुद्रित केलेल्या आकृती उष्णतेने घडी होऊन पोकळ वस्तू बनतील अशी पद्धत विकसित झाली.

या साऱ्या प्रयत्नांस चतुर्मित मुद्रण असे नाव पडले आहे. चौथी मिती ती काळाची. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेतील स्कायलर टिबिट्स यांनी २०१३ मध्ये हे नाव लोकप्रिय केले. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगांत उष्णतेऐवजी पाणी शोषून फुगणारा पदार्थ वापरला होता. त्याच वर्षी कोलोराडो विद्यापीठातील संशोधकांनी लवचीक पदार्थात आकारस्मृती असलेले तंतू मुद्रित करून उष्णतेने वाकणारी पाती तयार केली.

सपाट वस्तू मुद्रित करून मग तिची घडी पडू देण्याचे व्यावहारिक लाभ उघड आहेत. पोकळ वस्तू थेट मुद्रित करताना तिला आधार म्हणून बरेच प्लास्टिक वाया घालवावे लागते. सपाट वस्तूस आधार लागत नाही, वेळ कमी लागतो आणि ती पाठविताना जागाही थोडी व्यापते.

शरीरातील उपयोग

या ज्ञानाची खरी कसोटी वैद्यकात आहे. काही अर्भकांच्या श्वासनलिकेची भिंत इतकी मऊ असते की श्वास सोडताना ती मिटते व मूल गुदमरते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यांनी व अभियंत्यांनी २०१२ मध्ये अशा एका अर्भकासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा एक लहानसा आधार मुद्रित केला. मुलाच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून त्याचे माप घेतले होते. हा आधार नलिकेच्या बाहेरून बसवून तिची भिंत त्याला टाक्यांनी बांधण्यात आली. त्याला एका बाजूने चीर ठेवली होती. मूल वाढेल तसा आधारही उमलावा, असा हेतू. सुमारे तीन वर्षांत तो शरीरातच विरून जावा, अशीही योजना होती. २०१३ मध्ये या उपचाराची हकीकत प्रसिद्ध झाली आणि २०१५ मध्ये तीन बालकांवरील अनुभव मांडण्यात आला. येथे प्लास्टिकची उष्णतेने जागी होणारी स्मृती वापरलेली नव्हती. लवचीकपणा व घडण यांवरच भिस्त होती. तथापि, एकेका रुग्णाच्या मापाने मुद्रित केलेली व वाढत्या शरीराबरोबर बदलणारी वस्तू प्राण वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आकारस्मृतीमुळे यापुढची पायरी शक्य दिसते. श्वासनलिकेच्या आत बसवावयाची नळी मुद्रित करून, दाबून बारीक करून, अरुंद वाटेने आत न्यावी आणि तेथे उबेने ती आपोआप उमलावी, अशी ही कल्पना आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्यांत प्रकाशाने गाठी पाडून अशी नळी २०१७ च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केली. त्याआधी २००२ मध्ये आंद्रेआस लेंडलाइन व रॉबर्ट लँगर यांनी शरीरात विरघळणाऱ्या व आकारस्मृती असलेल्या प्लास्टिकचा धागा केला होता. त्याची सैल बांधलेली गाठ सुमारे ४० अंशांच्या उबेने आपण होऊन आवळली जाई. अरुंद छिद्रातून शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यास जेथे बोटांनी गाठ मारता येत नाही, तेथे अशा धाग्याचे मोल सहज ध्यानात येईल.

ऊन आणि पाऊस

शरीरासाठी करावयाच्या अशा वस्तूंपुढील अडचण तापमानाची आहे. मनुष्याच्या शरीराचे तापमान ३७ अंश असते. कुलूप त्याहून फार वर उघडणारे असेल, तर ते उघडण्यासाठी द्यावी लागणारी उष्णता शरीराच्या पेशी भाजून काढील. म्हणून ते ३७ अंशांच्या जवळपास उघडावे लागते. थंड देशात यात काही बिघडत नाही; कपाटात ठेवलेली वस्तू आपला तात्पुरता आकार धरून राहते. परंतु नागपूर, जयपूर किंवा विजयवाडा येथे उन्हाळ्यात सावलीतील हवाच ४० अंशांच्या पलीकडे जाते. तेथे अशी नळी शीतपेटीबाहेर राहिली, तर रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच ती उमलून निरुपयोगी होईल. त्यामुळे उष्ण देशांसाठी पदार्थाची निवड, बांधणी व वाहतूक यांचा विचार निराळा करावा लागतो. केवळ पदार्थ आयात करून हा प्रश्न सुटणारा नाही.

दुसरी अडचण ओलाव्याची. पॉलियुरेथेन हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांची परस्पर पकड सैल करतात व संक्रमण तापमान खाली आणतात. काही आकारस्मृती पॉलियुरेथेने तर नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली तरी, न तापविता, मूळ आकारास येतात. सिंगापूरमधील संशोधकांनी याचा सविस्तर अभ्यास केला आहे. मुद्रणातही हा ओलावा नडतो. तोटीत पाण्याची वाफ होऊन वळीत बुडबुडे राहतात आणि तेथे वस्तू दुबळी होते. मुंबई किंवा कोची येथील पावसाळ्यात धाग्याचे रीळ उघडे ठेवू नये व वापरण्यापूर्वी ते मंद उष्णतेवर सुकवावे, हा नियम याच कारणास्तव पाळावा लागतो.

याशिवाय आणखी काही मर्यादा आहेत. ही स्मृती बहुधा एकेरी असते: मूळ आकारास आलेली वस्तू थंड केली तरी तात्पुरत्या आकारात परत जात नाही, तिला पुन्हा हाताने तो आकार द्यावा लागतो. वारंवार वापराने काही गाठी सुटतात आणि परत येण्याची क्षमता घटते. थर जेथे एकमेकांना चिकटलेले असतात, तेथे जोड मुळातच कमकुवत असतो. पुष्कळ ताणले तर वस्तू तेथेच फाटते. आणि ज्या वस्तूने आकार बदलू नये अशी अपेक्षा असते, तिच्यातही ही स्मृती दडलेली असतेच. भर उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवलेला पॉलिलॅक्टिक आम्लाचा मुद्रित भाग वाकडा होतो, तो बाटलीच्याच कारणाने. म्हणून यंत्राचा महत्त्वाचा भाग मुद्रित करताना तो कोठे व किती उन्हात राहणार, याचा विचार आधी केला पाहिजे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

ज्या शाळेत मुद्रणयंत्र आहे, तेथे या सर्व गोष्टी थोड्या खर्चात पडताळून पाहता येतात. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या तीन पट्ट्या मुद्रित कराव्यात. प्रत्येक ८० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड. पहिल्या पट्टीत सर्व वळ्या लांबीच्या दिशेने असाव्यात, दुसरीत सर्व रुंदीच्या दिशेने. तिसरीत खालचे निम्मे थर लांबीच्या व वरचे निम्मे रुंदीच्या दिशेने. प्रत्येक पट्टीची लांबी, रुंदी व जाडी मोजून वहीत नोंदवावी. नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात पट्टी चिमट्याने एक मिनिट धरावी, बाहेर काढून सपाट फरशीवर थंड होऊ द्यावी आणि पुन्हा मोजावी. पहिली पट्टी लांबीत आखडलेली आढळेल, दुसरी मुख्यतः रुंदीत. तिसरी वाकलेली दिसेल. मग पहिलीसारखीच पट्टी मुद्रणाचा वेग दुप्पट करून घडवावी व दोहोंच्या आखडण्याची तुलना करावी. वेग आणि आखडणे यांचा आलेख काढला, तर साखळ्या व गोठण यांच्यातील शर्यत विद्यार्थ्यांना कागदावर प्रत्यक्ष दिसेल.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही पट्ट्यांचे प्लास्टिक एकच, वजन जवळजवळ सारखे, बाह्य आकारही एकच. तरीही गरम पाण्यात त्यांचे वर्तन भिन्न होते. फरक आहे तो केवळ त्या कशा घडविल्या गेल्या याचा. पदार्थाचे गुण त्याच्या रासायनिक घटकांवरून ठरतात, असे शाळेत शिकविले जाते आणि ते खरेही आहे. पण लांब साखळ्यांच्या पदार्थांत त्या घटकांच्या जोडीला पदार्थाचा इतिहासही मोजावा लागतो: तो कोणत्या दिशेने ओढला गेला, किती वेगाने थंड झाला, कोणत्या हवेत राहिला. उष्ण व दमट देशातील अभियंत्याने आणि वैद्याने हा इतिहास वाचावयास शिकणे अगत्याचे आहे. श्वासनलिकेत बसवावयाची नळी योग्य वेळी उमलेल की नाही, हे त्यावरच अवलंबून राहील.